प्रोजेक्टर दिसत का नव्हता? थिंकपॅड टी४८० वरच्या फ्रीबीएसडीचं एक प्रकरण

लॅपटॉप : लेनोवो थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड. आठव्या पिढीचा आय५, आतलंच इंटेल यूएचडी ६२० ग्राफिक्स, एनव्हिडियाचं वेगळं कार्ड नाही. चौदा इंची स्क्रीन, १९२० बाय १०८०.
प्रणाली : फ्रीबीएसडी १४.२ (लिनक्ससारखी, युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), झेडएफएस या फाइल सिस्टिमवर, यूईएफआय या नव्या धाटणीच्या फर्मवेअरने बूट होणारी. डेस्कटॉप एक्सएफसीई.
मालक : सांगलीकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे सर. रोजचं काम म्हणजे आर (संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा) आणि लेटेक (मजकूर जुळवणीची प्रणाली).
तक्रार : वर्गातल्या प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर लावली की काहीच घडत नाही.

प्रोजेक्टरची वायर ठीक होती, दुसऱ्या लॅपटॉपवर ती चालत होती. सरांचा संशय लॅपटॉपच्या खोबणीवर होता. “अहो, स्क्रीन तर झकास दिसते. डेस्कटॉप येतो, फॉन्ट स्वच्छ दिसतात. म्हणजे ग्राफिक्स चालू आहे. खोबणच गेलीय, दुसरं काय!”

हा तर्क कुणालाही पटेल असाच आहे. पण मी विचारलं, “सर, आणखी काय काय होत नाही?” तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं दाबून उपयोग नव्हता. झाकण बंद करून उघडलं की स्क्रीन काळीच राहायची, शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागायचं. व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायला लागायचा. सरांनी या चारही गोष्टी चार वेगळ्या खात्यांवर टाकल्या होत्या : खोबण, कीबोर्ड, बॅटरी आणि वय. माझ्या मते खातं एकच होतं.

पहिला पुरावा

एक्सरँडर ही कमांड काही पर्याय न देता चालवली की ती एक्सला, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणाऱ्या प्रणालीला, ठाऊक असलेल्या सगळ्या आउटपुटची यादी देते. धडधाकट टी४८० वर या यादीत ईडीपी-१ म्हणजे लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन असते आणि खाली एचडीएमआय आणि डीपी अशी नावं, पुढे ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. वायर लावलेली नसली तरी नावं दिसतातच.

सरांच्या यादीत एकच नाव होतं : ‘डिफॉल्ट’. १९२० बाय १०८०, कनेक्टेड. वर एक कुरबुर, की ‘डिफॉल्ट’ या आउटपुटच्या गॅमाचा आकार मिळाला नाही. बस्स.

‘डिफॉल्ट’ दिसलं की पुढची तपासणी एक्समध्ये करू नये, कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, करावी. या नावाचा अर्थ असा, की एक्सला खरं कार्ड दिसतच नाहीये. मशीन चालू होताना यूईएफआय फर्मवेअर स्क्रीन एका ठरावीक रेझोल्यूशनवर लावून देतं आणि मेमरीचा एक तुकडा प्रणालीच्या हवाली करतं : इथे लिहाल ते स्क्रीनवर दिसेल. फ्रीबीएसडीवर एससीएफबी नावाचा एक्सचा ड्रायव्हर त्या तुकड्यात निमूटपणे पिक्सेल लिहीत बसतो. खोबणी किती, मागचा दिवा कुठे, ग्राफिक्स चिप झोपेतून कशी उठवायची, यातलं त्याला काही माहीत नसतं. व्हिडिओची सगळी आकडेमोड प्रोसेसरच्या डोक्यावर येते, म्हणून पंखा. एवढं असूनही चित्र स्वच्छ येतं, कारण फर्मवेअरने स्क्रीन तिच्या मूळ रेझोल्यूशनवरच लावलेली असते. घोळ नेमका इथे होतो. चित्र चांगलं दिसतं, म्हणून माणूस ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशयच घेत नाही.

खात्रीसाठी आणखी दोन ठिकाणी पाहिलं. डेव्ह डिरेक्टरीत डीआरआय नावाची डिरेक्टरी नव्हती. केएलडीस्टॅटच्या यादीत, म्हणजे कर्नलमध्ये लोड झालेल्या मॉड्यूलांच्या (कर्नलला वरून जोडता येणाऱ्या तुकड्यांच्या) यादीत, आय९१५केएमएस नव्हतं. इंटेल ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर तो. म्हणजे एक्सखालचा मजलाच रिकामा होता.

इतिहास

गंमत म्हणजे हाच लॅपटॉप फ्रीबीएसडी १४.१ वर व्यवस्थित चालत होता, प्रोजेक्टरसकट. डिसेंबर २०२४ मध्ये १४.२ आली. सरांनी फ्रीबीएसडी-अपडेट चालवून नवी आवृत्ती घेतली आणि मशीन पुन्हा चालू केलं. कर्नलच्या ओळी सरसर गेल्या, मॉड्यूल लोड व्हायची वेळ आली आणि स्क्रीन काळी झाली.

पुढे सरांनी जे केलं ते बऱ्याच जणांना सुचत नाही, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बूटच्या मेनूत दोन नंबरचा पर्याय, सिंगल युजर (दुरुस्तीपुरती किमान प्रणाली), निवडला. रूट फाइल सिस्टिम लिहिण्याजोगी करून घेतली आणि ईटीसीमधल्या आरसी डॉट कॉन्फमधून केएलडी_लिस्टची, म्हणजे सुरू होताना लोड करायच्या मॉड्यूलांची, ओळ काढून टाकली. मशीन परत उठलं. हे जमलं, कारण फ्रीबीएसडीत ग्राफिक्सचं मॉड्यूल लोडर डॉट कॉन्फमधून नाही, आरसी डॉट कॉन्फमधून लोड करायची पद्धत आहे. लोडर कर्नलच्याही आधी चालतो. तिथे हे मॉड्यूल घातलं तर सिंगल युजरमध्ये जाऊनही सुटका नाही. फ्रीबीएसडीच्या लोडरच्या मूळ सेटिंगमध्ये आय९१५केएमएसचं नाव मुद्दाम काळ्या यादीत घातलेलं आहे ते याचसाठी.

मग एक्स चालेना. लॉगमध्ये शेवटी कंसात दोन ई आणि पुढे ‘नो स्क्रीन्स फाउंड’. सरांनी शोधाशोध करून कुठलीतरी लांबलचक झॉर्ग डॉट कॉन्फ, म्हणजे एक्सच्या सेटिंगची फाइल, मिळवली. तिच्यात मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सी, मोडलाइन आणि ड्रायव्हर म्हणून व्हेसा. तरी तेच.

या फाइलबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण असल्या फाइली अजूनही हातोहात फिरतात. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात सुरू झाली, बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांच्या हातून; आज चालते ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. पीसीवर पुढे कितीतरी वर्षं एक्स सर्व्हर स्वतःच कार्डाच्या रजिस्टरांना हात घालून स्क्रीनचं रेझोल्यूशन लावायचा. मॉनिटर काचेच्या नळीचे होते, चुकीची फ्रिक्वेन्सी दिली तर ते बिघडण्याची भीती असायची, म्हणून ते आकडे हाताने लिहावे लागत. नंतर हे काम कर्नलकडे गेलं. लिनक्समध्ये इंटेलसाठी २००९ च्या २.६.२९ आवृत्तीत आणि फ्रीबीएसडीत ९.१ पासून. आता स्क्रीन स्वतःच आपली माहिती पाठवते, कर्नल ती वाचतो आणि एक्स कर्नलला विचारतो. इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर झॉर्ग डॉट कॉन्फ नसणं हीच बरोबर झॉर्ग डॉट कॉन्फ, असं माझं मत आहे.

व्हेसाचं तर इथे काही चालणारच नव्हतं. तो ड्रायव्हर जुन्या बायॉसच्या सेवा वापरून रेझोल्यूशन बदलतो. शुद्ध यूईएफआयने बूट झालेल्या मशीनवर त्या सेवा नसतातच. शेवटी कुणीतरी एससीएफबी सुचवला, सरांनी त्याचं पॅकेज टाकून छोटी कॉन्फिगरेशन फाइल लिहिली, डेस्कटॉप आला आणि विषय संपला. परीक्षेचे दिवस होते, संपला ते बरंच झालं. जूनमध्ये वर्ग सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर लागलाच नव्हता.

दोन आकडे

मूळ प्रश्न तसाच होता : १४.१ वर चालणारं मॉड्यूल १४.२ वर स्क्रीन काळी का करतं?

इंटेल, एएमडी यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्ससाठी लिहिले जातात आणि तो कोड अवाढव्य आहे. फ्रीबीएसडीवाले तो नव्याने लिहीत बसत नाहीत. त्यांनी कर्नलमध्ये लिनक्सकेपीआय नावाचा थर ठेवला आहे. ड्रायव्हरला हवी असलेली लिनक्सची फंक्शनं हा थर पुरवतो आणि लिनक्सचाच कोड थोड्या डागडुजीने चालतो. आय९१५केएमएस ज्यातून येतं ते सरांकडचं पॅकेज म्हणजे डीआरएम-६१-केमॉड. यातलं ६१ म्हणजे लिनक्स ६.१.

फ्रीबीएसडी १४.० साठी बनवलेला साधा प्रोग्राम १४.२ वर चालतो, ती हमी आहे. लिनक्सकेपीआय या हमीत बसत नाही. तो दर आवृत्तीला वाढतो, बदलतो. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मध्येच एक सदस्य वाढला, तर त्याच्यामागचे सगळे सरकतात; जुनं मॉड्यूल मात्र जुन्याच जागी वाचत राहतं आणि भलतंच काही उचलतं. वाईट म्हणजे लोड होताना कर्नल जी आवृत्ती तपासतो ती तपासणी इथे पास होते, कारण मुख्य आवृत्ती १४ च आहे आणि मॉड्यूल जुन्या बाजूचं आहे. उलटं असतं, म्हणजे नव्यासाठी बांधलेलं मॉड्यूल जुन्या कर्नलवर घातलं असतं, तर ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून सरळ नकार मिळाला असता. इथे नकार नाही, निरोप नाही, थेट अंधार.

हे नुसतं बोलण्यापुरतं राहू नये म्हणून सरांना दोन कमांडा चालवायला सांगितल्या. युनेम, मोठ्या के-च्या पर्यायासह : चालू कर्नलचा आकडा आला १४०२०००. मग पॅकेजं सांभाळणाऱ्या पीकेजीची कमांड, पीकेजी इन्फो डीआरएम-६१-केमॉड. त्यात खाली पॅकेजच्या टिपणांमध्ये एक ओळ असते, फ्रीबीएसडी_व्हर्जन. तिथे १४०१०००.

सर संख्याशास्त्राचे, त्यांना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. “म्हणजे मी कर्नल बदलला आणि हे तसंच राहिलं,” एवढंच म्हणाले. फ्रीबीएसडी-अपडेट मूळ प्रणाली बदलतं, पीकेजीने टाकलेल्या गोष्टींना हात लावत नाही. आणि पीकेजीच्या साध्या भांडारातली पॅकेजं त्या शाखेच्या सगळ्यांत जुन्या, पण अजून पाठबळ असलेल्या आवृत्तीवर बांधली जातात. १४.२ आली तेव्हा ती जुनी आवृत्ती १४.१ च होती, त्यामुळे त्या दिवसांत तिथून नवं घेऊनही १४०१००० च मिळालं असतं. ही अडचण ओळखूनच १४.२ पासून कर्नल मॉड्यूलांसाठी वेगळं भांडार सुरू झालं, फ्रीबीएसडी-केमॉड्स. त्यात प्रत्येक उप-आवृत्तीसाठी मॉड्यूलं स्वतंत्र बांधलेली असतात.

दुरुस्ती

आधी बीईसीटीएल कमांडने चालू प्रणालीची बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे परत जाता येईल अशी प्रत, करून ठेवली. झेडएफएस असल्याचा हा मोठा फायदा : बिघडलंच तर बूटच्या मेनूतून जुनी निवडायची, काही सेकंदांचं काम. मग पीकेजी इन्स्टॉल, जबरदस्तीच्या पर्यायासह आणि भांडाराचं नाव स्पष्ट देऊन. भांडार सांगितलं नाही तर पीकेजीला आहे तेच ठीक वाटू शकतं. टिपणात आकडा १४०२००० झालेला पाहिला आणि मगच पुढे.

आरसी डॉट कॉन्फमध्ये लगेच काही लिहिलं नाही. एक्स बंद करून, साध्या टेक्स्ट कन्सोलवर, केएलडीलोडने मॉड्यूल हाताने लोड केलं. शेजारी दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरून ठेवलं होतं; स्क्रीन गेली तरी मशीन जिवंत आहे का ते कळावं म्हणून. स्क्रीन क्षणभर काळी झाली, लुकलुकली, आणि कन्सोल पुन्हा उमटला. डेव्हखाली डीआरआय, तिच्यात कार्ड०. शेजारी बॅकलाइट नावाची डिरेक्टरीही उगवली होती. १३.० पासून फ्रीबीएसडीत बॅकलाइट नावाचीच कमांड आहे; तिला ४० आकडा दिला आणि स्क्रीनचा उजेड उतरला. सरांचं लक्ष खरं तर इथेच लागलं. प्रोजेक्टरपेक्षा रात्री पेपर तपासताना डोळ्यांत जाणारा उजेड त्यांना जास्त छळत होता.

आता सिसआरसी कमांडने केएलडी_लिस्टमध्ये आय९१५केएमएस परत घातलं. आणि एक गोष्ट, जी विसरली तर सगळं पाण्यात : एससीएफबीची ती छोटी फाइल आणि व्हेसावाली लांबलचक फाइल, दोन्ही काढून टाकल्या. त्या राहिल्या असत्या तर कर्नलमध्ये उत्तम ड्रायव्हर बसलेला असूनही एक्सने हुकमाप्रमाणे एससीएफबीच उचलला असता.

स्टार्टएक्स केलं. लॉगमध्ये आता मोडसेटिंग ड्रायव्हर, एक्सरँडरच्या यादीत ईडीपी-१ आणि बाकीची नावं. घरच्या टीव्हीची एचडीएमआय वायर लावली तर एका नावापुढे ‘कनेक्टेड’ आलं. टी४८० ला एचडीएमआयची खोबण एकच आहे, पण यादीत एकाहून जास्त एचडीएमआय दिसू शकतात, कारण चिपची बाहेर पडायची वाट आणि खोबण यांचा हिशेब वेगळा असतो. म्हणून नाव पाठ करू नये, वायर लावून ‘कनेक्टेड’ कुठे आहे ते पाहावं.

तरी व्हिडिओला पंखा घोंघावतच होता. जीएलएक्सइन्फो कमांडने रेंडरर (चित्र तयार करणारा) दाखवला एलएलव्हीएमपाइप, म्हणजे आकडेमोड अजून प्रोसेसरवरच. कारण शोधायला वेळ लागला नाही. अंधाराच्या त्या दिवसांत सरांनी ‘अकाउंटमध्येच काहीतरी बिघडलं असेल’ म्हणून नवीन युजर केला होता आणि तो व्हिडिओ या ग्रुपमध्ये नव्हता. एक्स सर्व्हर रूटच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे डेस्कटॉप दिसतो. पण ब्राउझर चालतो सरांच्या नावाने, त्याला कार्ड० उघडायला परवानगी नाही. पीडब्ल्यू कमांडने युजर ग्रुपमध्ये घातला. लॉगआउट करून परत आत आल्यावर रेंडरर म्हणून यूएचडी ६२० चं नाव आलं, आणि पंखा शांत.

मधल्या काळात सरांना कुणीतरी “एक्स जुनं झालं, वेलँडवर जा” असाही सल्ला दिला होता. फ्रीबीएसडीवर वेलँड, म्हणजे एक्सच्या जागी येणारी नवी पद्धत, चालतं; तिच्यावर खिडक्या मांडणारे स्वेसारखे कंपोझिटरही चालतात. पण वेलँडला तर डीआरआयमधलं कार्ड हवंच हवं, एससीएफबीसारखी पळवाट तिथे नाही. रिकाम्या मजल्यावर तेही उभं राहिलं नसतं.

बारीकसारीक

चौदा इंचांत १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला साधारण १५७ पिक्सेल. एक्स मात्र ९६ धरून चालतो, म्हणून अक्षरं मुंगीएवढी. एक्सएफसीईच्या फॉन्ट सेटिंगमध्ये डीपीआय १२० केला. मी १४४ सुचवला होता, पण आरच्या खिडकीत ओळी कमी मावतात म्हणून सरांना तो नको होता.

मराठीसाठी नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं, अक्षरांऐवजी दिसणारे चौकोन गेले. कीबोर्डसाठी सेटएक्सकेबीमॅपला दोन लेआउट दिले, यूएस आणि आयएन, दुसऱ्याचा प्रकार देवा, म्हणजे इन्स्क्रिप्ट, आणि ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल. सर इन्स्क्रिप्टवर भराभर टाइप करतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी त्याच लेआउटमध्ये उच्चारानुसारी कागपा मराठीही आहे.

वर्गातला प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८ चा. तिथे दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र हवं होतं, म्हणून एक्सरँडरची ओळ एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये घालून तिला एक्सएफसीईत बटण दिलं. झाकण बंद करून उघडणंही आता चालतं. फक्त प्रोजेक्टर लावलेला असताना झोपवलं, तर उठल्यावर ते बटण पुन्हा दाबावं लागतं. त्यामागे मी लागलो नाही, सरांनीही आग्रह धरला नाही.

पुढच्या सुट्टीत सरांनी १४.३ घेतली, ती त्यांची त्यांनी. आधी बूट एन्व्हायर्नमेंट, मग केएलडी_लिस्टची ओळ बाजूला, मग अपडेट, मग केमॉड्स भांडारातून मॉड्यूल, दोन्हीकडे १४०३००० पाहून हाताने लोड, आणि शेवटी ओळ परत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मॉड्यूल लोड करायचं कामच त्यांनी केएलडी_लिस्टमधून काढून एका छोट्या स्क्रिप्टकडे दिलं. ती पीकेजी क्वेरीने टिपणातला आकडा काढते, युनेमच्या आकड्याशी ताडून पाहते आणि जुळला तरच लोड करते. नाहीतर कन्सोलवर एक ओळ छापते. ती ओळ मराठीतच हवी असा त्यांचा हट्ट होता. पण टेक्स्ट कन्सोलवर देवनागरीची जोडाक्षरं आणि मात्रा जुळत नाहीत, म्हणून ती मराठी त्यांनी रोमन अक्षरांत लिहिली आहे : ‘सर, आकडे जुळत नाहीत, आधी पॅकेज बदला.’